बदल केलेल्या टर्बो गाडीची ताकद ४,००० आरपीएमनंतर का पडते?

प्रश्न

माझी गाडी दोन लिटर, चार सिलिंडरची आणि सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाची टर्बो गाडी आहे, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. दोन वर्षांपूर्वी तिच्यात मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), मोकळा इनटेक (हवा आत घेणारा मार्ग) आणि समोर बसणारा मोठा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) असे तीन बदल करून त्यानुसार ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, रीमॅप (नव्याने जुळवणी) करून घेतला. तेव्हा डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) इंजिनाच्या क्रँकचा हिशेब करून २८१ हॉर्सपॉवर हा आकडा मिळाला होता, आणि त्यानंतर जवळजवळ १८,००० किलोमीटर गाडीने एकदाही तक्रार केली नाही.

गेल्या महिन्यापासून मात्र ४,००० आरपीएमच्या पुढे गाडी दम टाकते. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की सुरुवातीचा रेटा नेहमीसारखाच लागतो, पण पुढे कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखे वाटते. झटके नाहीत, इंजिन अडखळत नाही, धूर नाही, डॅशबोर्डवर दिवा लागत नाही आणि स्कॅनरवर एकही कोड येत नाही. सकाळी पहिल्यांदा ओढल्यावर फरक थोडा असतो, दोन-तीन वेळा ओढल्यावर तो स्पष्ट जाणवतो. त्याच डायनोवर पुन्हा नेली तेव्हा आकडा २३९ आला.

आतापर्यंत स्पार्क प्लग, चारही कॉइल, एअर फिल्टर आणि मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) बदलून झाले. कशानेही तसूभर फरक पडला नाही. इंटरकूलरच्या पाइपांमध्ये ०.५ बार हवा भरून गळतीही तपासली, पण कुठे काही मिळाले नाही, म्हणून गळतीचा विषय मी संपवला आहे. टर्बो झिजला असावा, असे आता सगळे सांगत आहेत. नवा घ्यायचाच असेल तर एक माप मोठा घ्यावा, असेही मनात येते. टर्बो उघडण्याआधी आणखी काय तपासावे, हे कृपया सांगावे.

पहिले उत्तर

टर्बोला कृपया अजून हात लावू नका. तुम्ही चार भाग बदलले, पण इंजिनाला नेमके काय कमी पडते आहे हे अजून मोजलेले नाही, आणि ते मोजल्याशिवाय पाचवा भाग बदलणे हाही अंदाजच ठरेल. गाडीत बसवलेले सेन्सर सेकंदाला अनेक वेळा माहिती देत असतात. ती नोंदवून घेतली, तर दोष निदान कोणत्या बाजूला आहे हे बहुतेक वेळा पाना हातात न घेता कळते.

टर्बो पेट्रोल इंजिनाची ताकद कमी होते तेव्हा मूळ शक्यता चारच असतात: हवा कमी पोहोचते, इंधन कमी पोहोचते, ठिणगी चुकीच्या वेळी पडते किंवा अशक्त पडते, किंवा ईसीयू स्वतःच्या निर्णयाने ताकद काढून घेतो. ही चौथी शक्यता लोक विसरतात. इनटेकमधली हवा जास्त तापली, नॉक (इंधनाचा अवेळी स्फोट) जाणवला किंवा टॉर्कचा हिशेब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, तर ईसीयू कोणताही कोड न नोंदवता बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) उतरवतो, इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो), नाहीतर थ्रॉटलची, म्हणजे हवा आत सोडणारी, झडप अर्धवट मिटतो. चालकाला फक्त गाडी ओढत नाही एवढेच कळते.

म्हणून डायनोवर किंवा बंदिस्त ट्रॅकवर, आणि फक्त तिथेच, चौथ्या गिअरमध्ये २,००० ते ६,५०० आरपीएमपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटरने लागोपाठ तीन वेळा ओढा आणि पुढील गोष्टी नोंदवा: मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष बूस्ट, वेस्टगेटच्या (टर्बोला वगळून एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेच्या) सोलेनॉइडची ड्युटी (जितकी जास्त तितका वेस्टगेट मिटलेला), मास एअरफ्लोचे ग्रॅम प्रति सेकंद, मागितलेला आणि प्रत्यक्ष लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण), फ्युएल ट्रिम (ईसीयू हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो किंवा कापतो), इंधन रेलचा (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) दाब, प्रत्येक सिलिंडरचे इग्निशन किती मागे घेतले गेले तो आकडा, थ्रॉटल झडपेचा कोन आणि इनटेकच्या हवेचे तापमान. आयडलवरचा (गाडी उभी, इंजिन चालू असतानाचा) आणि संथ गतीवरचा फ्युएल ट्रिम वेगळा लिहून ठेवा. तो पुढे फार उपयोगी पडेल. रीमॅप करणाऱ्याने दोन वर्षांपूर्वीची नोंद दिलेली असेल तर ती सोन्यासारखी जपा, कारण निरोगी अवस्थेत हीच गाडी कशी होती हे सांगणारा दुसरा कुठलाही पुरावा नाही.

आणखी एक सांगणे आहे. गळतीचा विषय तुम्ही संपवला असला तरी मी अजून संपवलेला नाही. तुमचे इंजिन १.४ बारच्या आसपास बूस्टवर चालत असणार, आणि तुम्ही तपासणी केली ०.५ बारवर, तीही बहुधा इंजिन थंड असताना. कमी दाबावर आणि थंड अवस्थेत न गळणारी जोडणी जास्त दाबावर आणि तापल्यावर गळू शकते.

दुसरे उत्तर

माझ्या गाडीत हुबेहूब अशीच लक्षणे होती आणि दोष डायव्हर्टर व्हॉल्व्हमध्ये निघाला. आतला रबरी पडदा कडेला चिरला होता. कमी बूस्टवर तो धरून राहायचा आणि जास्त बूस्टवर हवा मागे सोडायचा. थ्रॉटल मिटल्यावर टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या, पुढची दाबलेली हवा कॉम्प्रेसरच्या मागे सोडणे एवढेच या व्हॉल्व्हचे काम, पण तो चिरला की थ्रॉटल उघडा असतानाही तीच हवा गोल गोल फिरत राहते. भाग छोटा आहे आणि वर्षानुवर्षे उष्णता सोसतो, त्यामुळे सर्वात आधी तोच काढून पाहावा, असे मला वाटते.

ते ठीक निघाले तर हाय-प्रेशर फ्युएल पंप तपासा. थेट फवारणीच्या अनेक इंजिनांमध्ये हा पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि मधला फॉलोअर (कॅमची हालचाल पंपाला देणारा छोटा भाग) झिजला की वरच्या आरपीएमवर रेलचा दाब टिकत नाही. फॉलोअर काढून पाहणे अवघड नसते, आणि झीज वेळेत दिसली तर कॅमशाफ्ट वाचतो.

प्रश्नकर्त्याकडून नोंदी

दोघांचेही मनापासून आभार. डायनोवर तीन वेळा ओढून नोंदी घेतल्या आणि रीमॅपच्या वेळची जुनी नोंदही सापडली. इंजिनाचे अचूक माप १,९८४ सीसी आहे. खालचे आकडे तिसऱ्या, म्हणजे सर्वात वाईट वेळचे आहेत.

३,५०० आरपीएमला मागितलेला बूस्ट १.४ बार आणि प्रत्यक्ष १.३६ बार आहे, म्हणजे तिथे फारशी तक्रार नाही. पण वेस्टगेटची ड्युटी ७१ टक्के आहे, जी जुन्या नोंदीत याच ठिकाणी ४८ टक्के होती. मास एअरफ्लो १५४ ग्रॅम आणि ट्रिम उणे ६ टक्के आहे. ५,५०० आरपीएमला मागणी १.४ बारची असून प्रत्यक्षात १.०५ बारच मिळतो, ड्युटी ९५ टक्क्यांवर अडकलेली आहे, मास एअरफ्लो २१५ ग्रॅम आहे आणि ट्रिम उणे १४ टक्के. लॅम्डा ०.८२ मागितला असता ०.८१ ते ०.८२ मिळतो. रेलचा दाब १३० बारच्या मागणीला १२७ च्या खाली कुठेही गेला नाही. थ्रॉटल शेवटपर्यंत पूर्ण उघडा आहे. इनटेकच्या हवेचे तापमान ६१ अंश सेल्सियसपर्यंत चढले, जे जुन्या नोंदीत ४५ च्या वर गेले नव्हते, आणि चारही सिलिंडरमध्ये इग्निशन साडेतीन अंशांपर्यंत मागे घेतले गेले आहे.

पहिल्या वेळी ५,५०० आरपीएमला बूस्ट १.२२ बार होता, दुसऱ्या वेळी १.१२ आणि तिसऱ्या वेळी १.०५. आयडलवर आणि संथ गतीवर ट्रिम शून्य ते अधिक २ टक्क्यांच्या मध्ये राहतो.

डायव्हर्टर व्हॉल्व्ह अजून काढलेला नाही. आधी तो काढावा का?

पहिले उत्तर देणाऱ्याकडून

या नोंदींनी बरेच काम सोपे केले आहे. आधी जे नाही ते बाजूला काढू. रेलचा दाब टिकून आहे आणि लॅम्डा मागणीप्रमाणे मिळतो आहे, म्हणून इंधन कमी पडत नाही. फ्युएल पंप आणि फॉलोअर या वेळी तरी निर्दोष आहेत. थ्रॉटल पूर्ण उघडा आहे, म्हणजे ईसीयू झडप मिटून ताकद काढत नाही. बूस्टच्या बाबतीत तर तो उलट वागतो आहे: ड्युटी ९५ टक्क्यांवर नेऊन तो टर्बोकडून जेवढे मिळेल तेवढे ओरबाडतो आहे आणि तरीही ०.३५ बार कमी पडतो आहे. इग्निशन मागे घेतले जाते ते तापलेल्या हवेमुळे; तो परिणाम आहे, मूळ नाही.

आता राहिली हवा. इथे एक साधा हिशेब करून पाहू. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या मापाएवढी हवा आत घेते. १,९८४ सीसीचे इंजिन ५,५०० आरपीएमला फिरत असेल तर ते सेकंदाला सुमारे ९१ लिटर जागा मोकळी करते. सिलिंडर ९५ टक्के भरतात असे धरले तर ८६ लिटर. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातला) दाब १.०५ बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून निरपेक्ष २.०५ बार आहे आणि हवा ६१ अंशांवर आहे, तेव्हा तिची घनता लिटरला सुमारे २.१४ ग्रॅम येते. गुणाकार केला की इंजिनात सेकंदाला साधारण १८५ ग्रॅम हवा शिरते आहे, असे निघते. मास एअरफ्लो सेन्सर मात्र २१५ ग्रॅम सांगतो आहे. मधले ३० ग्रॅम कुठे गेले?

सिलिंडर किती भरतात हा माझा अंदाज आहे, त्यामुळे एवढ्यावर मी विसंबलो नसतो; पण तुमचा फ्युएल ट्रिम तीच गोष्ट दुसऱ्या तोंडाने सांगतो आहे. ईसीयू २१५ ग्रॅमच्या हिशेबाने इंधन सोडू पाहतो, लॅम्डा सेन्सर मिश्रण फार दाट असल्याचे कळवतो आणि ईसीयूला १४ टक्के इंधन कापावे लागते. २१५ मधून १४ टक्के वजा करा: १८५ उरतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन मोजमापांतून एकच उत्तर येते, तेव्हा त्यावर विश्वास ठेवावा. सेन्सरने मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोहोचण्याआधी बाहेर निघून जाते आहे.

नवा मास एअरफ्लो सेन्सरच जास्त आकडा दाखवत असेल, अशी शंका येणे रास्त आहे. पण तसे असते तर संथ गतीवरही ट्रिम उणे दिसला असता, आणि सेन्सरच्या चुकीमुळे बूस्ट ०.३५ बारने पडलाही नसता.

याच कारणासाठी डायव्हर्टर व्हॉल्व्हवर माझा संशय नाही, जरी एरवी ती सूचना अगदी योग्य आहे. तुमच्या गाडीत मूळ रचना कायम असेल, तर हा व्हॉल्व्ह सोडलेली हवा मास एअरफ्लो सेन्सर आणि कॉम्प्रेसर यांच्या मधल्या पाइपात परत देतो. ती हवा सेन्सरवरून एकदाच गेलेली असते आणि पुढे गोल फिरत राहते. सेन्सरला ती दुसऱ्यांदा दिसत नाही. म्हणून व्हॉल्व्ह गळत असता तर बूस्ट पडला असता, ड्युटी चढली असती, हवा तापलीही असती, पण मास एअरफ्लो आणि इंजिनात जाणारी हवा यांचा ताळेबंद जुळला असता आणि ट्रिम शून्याजवळ राहिला असता. वेस्टगेट नीट मिटत नसेल किंवा एक्झॉस्ट तुंबला असेल तरी हेच: हवा कमी मोजली जाते, पण मोजलेली हवा हरवत नाही. तुमच्याकडे ती हरवते आहे, म्हणजे ती बाहेर, मोकळ्या वातावरणात जाते आहे.

आता जागा ठरवू. गळती थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवर असती तर आयडलवर तिथे निर्वात असल्यामुळे बाहेरची न मोजलेली हवा आत ओढली गेली असती आणि ट्रिम चांगलाच अधिक दिसला असता. तुमचा ट्रिम आयडलवर शून्याजवळ आहे. कॉम्प्रेसर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या पाइपांत आयडलवर दाब जवळजवळ बाहेरच्या हवेएवढाच असतो. तिथे भगदाड असले तरी आयडलला ते कळत नाही. तेव्हा दोष याच पट्ट्यात आहे.

आणि एक बारकावा, जो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. ३,५०० आरपीएमला बूस्ट जास्त असूनही ट्रिम उणे ६ आहे, म्हणजे साधारण ९ ग्रॅम हवा जाते. ५,५०० ला दाब कमी असूनही ३० ग्रॅम जाते. इंटरकूलरला दगड लागून पडलेले ठरावीक मापाचे छिद्र असते, तर कमी दाबाला त्यातून कमी हवा गेली असती. इथे उलट घडते, म्हणजे छिद्र स्वतःच मोठे होत जाते. त्यात तिन्ही वेळचे आकडे एकापेक्षा एक वाईट आहेत. उष्णतेने फाकणारी वस्तू धातूची नसते, रबराची किंवा सिलिकॉनची असते. मी असतो तर टर्बोच्या तोंडापासून इंटरकूलरपर्यंतचा, म्हणजे सर्वात तापणारा होज (लवचीक नळी) आधी पाहिला असता.

गळतीची तपासणी पुन्हा करा, पण या वेळी गाडी चांगली तापवून, लगेच, आणि १.३ बारपर्यंत. टर्बोच्या इनटेकच्या तोंडाला घट्ट झाकण लावून रेग्युलेटर असलेल्या, हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरने दाब हळूहळू चढवा. क्रँककेसकडून (इंजिनाच्या खालच्या पेटीकडून) इनटेकला येणारी नळी काढून तिची जागा बंद करा, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सीलवर दाब येईल. झाकण कधीही सुटून उडू शकते, म्हणून त्याच्या समोर कोणीही उभे राहू देऊ नका. खालचे आवरण काढून प्रत्येक जोडणीवर साबणाचे पाणी सोडा आणि होजच्या वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे डोळा सहज पोहोचत नाही, तिथे आरसा धरून पाहा. तापलेल्या पाइपांजवळ काम असल्याने हातमोजे घालाच.

तिसरे उत्तर

वरचा हिशेब वाचून समाधान वाटले. एक भर घालतो. तो होज साध्या सिलिकॉनचा असेल तर त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसते, पण तेल सोसत नाही. क्रँककेसमधून येणाऱ्या वाफेबरोबर थोडे ऑइल टर्बोतून पुढे जातच असते. ते होजच्या आतल्या भिंतीत मुरते, भिंत फुगून मऊ पडते आणि कापडाचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून होज नवा कोरा दिसतो आणि आतून त्याचा जीव गेलेला असतो. म्हणून टर्बोकडच्या बाजूला आतून फ्लोरोसिलिकॉनचे अस्तर असलेलाच होज वापरावा.

दुसरी गोष्ट क्लॅम्पची. दातेरी पट्टीचे साधे क्लॅम्प पुन्हा पुन्हा आवळले की त्यांची कड सिलिकॉनमध्ये रुतते आणि तिथूनच चीर सुरू होते. टी-बोल्टचे रुंद क्लॅम्प वापरावेत, तेही ठरवून दिलेल्या टॉर्कने. होज सटकतो आहे असे वाटून जोर लावून आवळत राहणे हे त्याला कापण्यासारखेच आहे. पाइपाच्या टोकाला उठावदार कडा आहे की नाही आणि होज त्या कडेच्या पुरेसा मागे गेला आहे की नाही, हे आधी पाहावे.

होज काढण्याआधी खालच्या आवरणाची आतली बाजू नीट न्याहाळा. गळणारी हवा ऑइलचे बारीक तुषार बरोबर नेते आणि त्यावर धूळ बसते. बोट दाखवल्यासारखा तो डाग गळतीच्या जागेखालीच असतो.

प्रश्नकर्त्याकडून

दोष सापडला. जसे वाचले तसेच घडल्यामुळे सविस्तर लिहितो आहे.

खालचे आवरण काढल्यावर उजव्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा काळा, चिकट डाग होता. बाकी सगळीकडे कोरडी धूळ होती. डागाच्या बरोबर वर टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा सिलिकॉनचा वळणदार होज आहे. गाडी अर्धा तास चालवून आणली आणि लगेच दाब चढवला. ०.५ बारला काहीच नाही. ०.८ ला काहीच नाही. १ बारच्या जरा पुढे वळणाच्या आतल्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेपासून अर्ध्या बोटावर, साबणाच्या पाण्यात मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागले, आणि १.२ ला तिथून सरळ फवारा उडाला. आरसा धरला तेव्हा एखादे मिटलेले तोंड उघडावे तशी चीर उघडताना दिसली. दाब उतरवला की ती अशी मिटायची की बोट फिरवूनही लागत नव्हती. ही जागा माझ्या पहिल्या तपासणीत मी हाताने चाचपली होती, हे मला पक्के आठवते.

होज काढून उभा चिरला. आतली भिंत बोटाने दाबली तर खचत होती आणि ऑइलने ओलसर होती; कापडाचा पहिला थर नखाने सोलून निघाला. क्लॅम्पची कड जिथे रुतली होती तिथून चीर सुरू होऊन थरांच्या मधून पुढे गेली होती. हा होज दोन वर्षांपूर्वी इंटरकूलरबरोबर बसवला होता आणि त्याला आतून कसलेही अस्तर नव्हते.

फ्लोरोसिलिकॉनच्या अस्तराचा होज आणि दोन्ही टोकांना टी-बोल्टचे क्लॅम्प बसवले, जोडण्या आतून ऑइल पुसून कोरड्या केल्या, ईसीयूने शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या पुसल्या आणि डायनोवर पुन्हा तीन वेळा ओढले. ५,५०० आरपीएमला १.३८ बार, मास एअरफ्लो २२६ ग्रॅम, ट्रिम उणे १ टक्का, ड्युटी ६२ टक्के आणि इनटेकची हवा ४४ अंश. तिन्ही वेळचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत. इग्निशन एका अंशाहून जास्त मागे गेले नाही. डायनोचा आकडा २७९ आला.

इनटेकचे तापमान एका होजमुळे १७ अंशांनी कसे उतरले, हे मात्र समजले नाही. आणि इतके दिवस असे चालवल्यामुळे टर्बोला काही झाले असेल का?

पहिले उत्तर देणाऱ्याकडून

आकडे पाहून फार आनंद झाला. २८१ आणि २७९ यांच्यातला फरक मनावर घेऊ नका. त्याच डायनोवर लागोपाठ दोन वेळा ओढले तरी एवढा फरक पडतो, आणि दोन वर्षांच्या अंतराने हवेचा दाब आणि तापमान सारखे असणे शक्य नाही.

तापमानाचे कारण टर्बोच्या श्रमात आहे. मॅनिफोल्डमधला दाब कमी पडतो असे पाहून ईसीयू वेस्टगेट पूर्ण मिटून ठेवत होता, त्यामुळे सगळा एक्झॉस्ट टर्बाइनवरून (टर्बोच्या एक्झॉस्टकडच्या चाकावरून) जात होता आणि कॉम्प्रेसर ठरवलेल्यापेक्षा बऱ्याच जास्त वेगाने फिरत होता. त्या वेगाला त्याची कार्यक्षमता घसरते आणि तेवढेच जास्त काम उष्णता होऊन हवेत उतरते. इंटरकूलर मोठा असला तरी त्याच्याकडे येणारी हवाच जास्त तापलेली होती, आणि लागोपाठ ओढल्यावर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नव्हता. त्यात टर्बाइनपुढे एक्झॉस्टचा दाब चढल्याने सिलिंडरमध्ये जुना तापलेला वायू जास्त राहतो, म्हणजे नॉकला आणखी एक निमित्त मिळते. म्हणून तुमचे इग्निशन चारही सिलिंडरमध्ये सारखेच मागे जात होते. एखाद्या प्लगचा किंवा कॉइलचा दोष असता तर तो एकाच सिलिंडरमध्ये उमटला असता.

टर्बोची तपासणी करून घ्यावी असे मला वाटते, कारण महिनाभर तो मर्यादेच्या बाहेर फिरला आहे. इंजिन पूर्ण थंड असताना इनटेकचा पाइप काढा आणि कॉम्प्रेसरचे चाक बोटांनी फिरवून पाहा. ते कुठेही न घासता सहज फिरले पाहिजे. शाफ्ट पुढे-मागे ओढून पाहा: त्या दिशेला हाताला हालचाल जवळजवळ जाणवता कामा नये. आडव्या दिशेला थोडी हालचाल असणे स्वाभाविक आहे, कारण साध्या बेअरिंगमध्ये शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो आणि बंद अवस्थेत तो थर नसतो. मात्र एका बाजूला दाबून फिरवले तरी चाकाची पाती आवरणाला टेकता कामा नयेत. टॉर्च धरून पात्यांच्या कडा आणि आवरणाची आतली भिंत पाहा. तिथे ताजा, चमकणारा ओरखडा असेल तर टर्बो उघडावा लागेल.

प्रश्नकर्त्याकडून

आज सकाळी पाइप काढून पाहिले. चाक बोटाच्या टोकाने ढकलले तरी दोन-तीन फेरे आवाज न करता फिरते. पुढे-मागे हालचाल जाणवत नाही. आडवी हालचाल किंचित आहे, पण दाबून फिरवले तरी पाती कुठे टेकत नाहीत. कडा शाबूत आहेत आणि आवरणाच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर सलग आहे, त्यावर एकही ओरखडा नाही. पाइप परत बसवला आहे. इंटरकूलर ते थ्रॉटल या बाजूचा दुसरा होजही त्याच वेळी, त्याच बनावटीचा बसवलेला आहे. तो अजून घट्ट आहे, पण त्याच्याही तोंडाशी ऑइलचा ओलावा दिसला, म्हणून तो याच आठवड्यात बदलणार आहे.